बिनट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर

माझ्या मित्राच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं वाकत नाहीत. त्याच हाताने तो गिटारच्या तारा दाबायचा. ती बोटं माझ्यामुळे गेली, आणि हे मी दोन वर्षं कुणालाही सांगितलं नाही. त्या दोन वर्षांत त्याची आई समजत होती की पोराचा हात आपल्यामुळे गेला. मी तिच्या हातचं बोंबलाचं कालवण ओरपत होतो आणि तिला तसं समजू देत होतो. आज साठी ओलांडली तरी हे आठवलं की मी चालता चालता थांबतो. हा माणूस मीच होतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. आम्ही दोघं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. मी माकुणसारचा, घरी केळी आणि पानवेली. तो किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, घरची बोट. वडिलांची इच्छा पोराने बोटीवर यावं अशी, आणि पोराला बोट लागायची! बंदर सोडलं की हा ओकायला सुरुवात करायचा. शेवटी बापाने हात टेकले आणि त्याला आयटीआयला घातलं. कामाला सोयीचं म्हणून आम्ही दोघांनी मिळून बेटेगावात एक खोली घेतली होती, आणि त्या खोलीत झोपायला कमी आणि भंगार ठेवायला जास्त जागा होती.

लहानपणी तो गावच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. आमच्याकडे लग्नात हे वाद्य असतंच, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायच्या आणि भोंग्यातून साऱ्या गावाला ऐकवायचं. त्यामुळे त्याची बोटं मुळातच चपळ. पुढे त्याने कुठून तरी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली. आमच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरकडे परदेशी वाजवणाऱ्यांची एक कॅसेट होती. ती ऐकली आणि आमची दोघांची झोपच उडाली. त्यातली गिटार गिटारसारखी वाजतच नव्हती. एक स्वर धरला की तो गुरगुरत मोठा व्हायचा, मग लांबच लांब रडत राहायचा, संपायचं नावच घ्यायचा नाही. आमच्याकडे गिटार म्हणजे टिंग वाजली आणि विझली.

इंजिनियरने सांगितलं, गंमत गिटारमध्ये नाही, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प लागतो, आणि त्याला पेलवणार नाही इतका आवाज त्याच्यात कोंबावा लागतो. मग तो फाटतो, आणि ते फाटणंच गोड लागतं. हे ऐकून मी हसलो होतो. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे आवाज फाटतोय म्हणून लोक रांगा लावतात, आणि आम्ही तो मुद्दाम फाडायला निघालो होतो.

सामानाला तोटा नव्हता. घराघरात टीव्ही आणि ट्रान्झिस्टर आले होते, आणि काचेच्या व्हॉल्व्हचे ते मोठाले रेडिओ बोईसरच्या भंगारात येऊन पडत होते. तिथला भंगारवाला आम्हाला पाहिलं की ओरडायचा, "ले जाओ भाई, ये सब डिब्बा ले जाओ, जगह खाली करो." आम्ही रविवारी सकाळी जाऊन रेडिओ सायकलला बांधून आणायचो. व्हॉल्व्ह काढायचे, कंडेन्सर तपासायचे, पत्र्याची चासी, म्हणजे अ‍ॅम्पचा सांगाडा, वाकवायची, भोकं पाडायची आणि सोल्डरचा धूर नाकात घेत बसायचं.

युक्ती तशी सोपी होती. एक व्हॉल्व्ह गिटारचा बारीक आवाज मोठा करतो. तो दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि मग शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर सगळं ओतायचं. कागदावर सोपी. प्रत्यक्षात तिसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत पोचलं की नुसता भुंगा आणि शिट्ट्या. एक वायर दुसरीच्या शेजारून गेली तरी अ‍ॅम्प किंचाळायचा. एकदा तर माझ्या अ‍ॅम्पमधून, तो अगदी डोळे मिटून स्वर लांबवत असताना, रेडिओवरच्या शेतकी कार्यक्रमातली भाताच्या खोडकिडीची माहिती यायला लागली. तो हसून हसून खाली बसला. मला मात्र राग आला, कारण तो अ‍ॅम्प माझा होता.

हो, अ‍ॅम्प तुझा आणि माझा असा हिशेब आमच्यात पहिल्यापासून होता. सामान एकत्र आणायचं, पण बांधायचं ज्याचं त्याने, आणि मग तुलना. बेटेगावच्या घरमालकाने पहिल्याच दिवशी हात जोडले, म्हणून तुलना त्याच्या घरी, कोळीवाड्यात, ओटीवर. नियम ठरलेले. गिटार एकच, स्पीकरची पेटी एकच, वाजवणारा तोच, चालही एकच. दोन्ही अ‍ॅम्पवर चादर. परीक्षक त्याची आई. ती पाठ करून जवळा निवडत बसायची आणि निकाल द्यायची.

मी तिला मावशी म्हणायचो. तिला गिटारमधलं काही कळत नव्हतं आणि म्हणूनच तिचा निकाल आम्ही मानायचो. "यो रडतंय," ती एकाबद्दल म्हणायची, आणि दुसऱ्याबद्दल, "त्यो निस्ता कोकलतंय." रडणारा दर वेळी त्याचा निघायचा. कोकलणारा माझा. ओळीने सात वेळा! मी कारखान्यात त्याच्याहून सीनियर, सर्किट माझं जास्त पक्कं, सोल्डर माझं जास्त सफाईदार, आणि त्याच्या वेड्यावाकड्या चासीतून तो आवाज निघायचा की अंगावर काटा यावा. मला ते सहन होत नव्हतं. मित्राबद्दल असं वाटणं बरं नाही, पण वाटत होतं ते वाटत होतं.

आठवी तुलना दसऱ्याला ठरली. तिचं महत्त्व वेगळं होतं. गावच्या बेंजो पार्टीला लग्नसराईत बेंजोबरोबर गिटार घ्यायची होती. वाजवणारा अर्थात तो. पण अ‍ॅम्प कुणाचा, हे पार्टीवाले येऊन, ऐकून ठरवणार होते. म्हणजे या वेळी मावशी एकटी नाही, दहा-बारा माणसं ऐकणार होती.

मी जीव तोडून कामाला लागलो. दसऱ्याला आठवडा राहिला असताना माझा अ‍ॅम्प पहिल्यांदा रडला. खरंच रडला. मी एकटाच खोलीत होतो, गिटार वाजवता येत नाही तरी एक तार छेडली आणि तो स्वर असा काही उभा राहिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेन ट्रान्सफॉर्मर जळला. मी तो हाताने गुंडाळलेला होता, कुठेतरी आतल्या थरात तार तारेला लागली असणार. खोलीभर वार्निशचा जळका वास. पालघरला जो माणूस ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्यायचा त्याचं दुकान नवरात्रभर बंद.

आता जे सांगायचं ते नीट सांगतो, कारण सगळं इथेच आहे.

मेन ट्रान्सफॉर्मर दोन कामं करतो. एक, भिंतीतल्या विजेतून व्हॉल्व्हला हवी ती वीज बनवतो. दुसरं, भिंतीतली वीज आणि अ‍ॅम्पचा पत्रा यांच्यात तो आडवा उभा राहतो. पत्रा गिटारच्या तारांना जोडलेला असतो. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं आणि भिंतीतली वीज यांच्या मध्ये तेवढाच एक अडसर. जुन्या रेडिओंमध्ये काही सेट असे यायचे की त्यांत हा ट्रान्सफॉर्मर नसायचाच. भिंतीतली एक वायर सरळ पत्र्याला. म्हणून तर त्यांना पूर्ण लाकडी खोकं असायचं, आणि बटणांच्या स्क्रूवर मेण भरलेलं असायचं, की चुकूनही बोट लागू नये.

मी तसला एक सेट उघडला आणि त्यावरून माझा अ‍ॅम्प नव्याने बांधला. बिनट्रान्सफॉर्मरचा. त्याला हात लागू नये म्हणून कुणीतरी मेण भरून ठेवलं होतं, आणि मी त्याच पत्र्याला गिटार जोडली. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी इन्स्ट्रुमेंट खात्यातला माणूस. नव्या पोरांना मीच शिकवायचो की हात लावण्याआधी टेस्टर लाव.

मनाची समजूत मी अशी घातली. पिन दोन दांड्यांची. एका बाजूने घातली तर पत्र्याला न्यूट्रल येतो, मग काही होत नाही. उलटी घातली तर फेज, म्हणजे जिवंत वीज, येते. तर उलटी घालायचीच नाही. कारखान्यात पाइपांवर खुणा करायला लाल ऑइल पेंट असायचा, त्याचा एक टिकलीएवढा ठिपका मी पिनेच्या एका अंगावर दिला. ठिपका वर, की सगळं ठीक. टेस्टर लावून दहादा पाहिलं. दसरा झाला की ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊ, तोवर दोन दिवसांचा तर प्रश्न.

आदल्या दिवशी मी अ‍ॅम्प घेऊन त्याच्या घरी गेलो. वायर गुंडाळून, वर चादर, मागची फळी स्क्रूने घट्ट. त्याच्या घरातल्या प्लगला टेस्टर लावून कुठला दांडा कुठे येतो ते पाहून घेतलं. त्याने विचारलं, "काय रे, काय बगतंस?" मी म्हटलं, "काही नाही. पिन घालताना लाल ठिपका वर ठेव. नाहीतर भुंगा फार येतो." तो म्हणाला, "बरा."

भुंगा येतो! जिथे माणूस मरेल असं सांगायचं तिथे मी भुंगा सांगितला. कारण खरं सांगितलं असतं तर त्याने तो अ‍ॅम्प ओटीवरही चढू दिला नसता, आणि मला जिंकायचं होतं.

दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. वाडीत आम्ही कोयता, कुदळ, पंपाची मोटर पुजतो. कोळीवाड्यात बोटीचं इंजिन, जाळी विणायच्या सुया, मासळी कापायची विळी, सगळं पुजलं जातं. ज्याच्यावर घर चालतं त्याला त्या दिवशी पूजेआधी वापरायचं नाही, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. मावशीने सकाळी ओटी सारवून घेतली आणि घरात जे जे म्हणून यंत्र होतं ते आणून मांडलं. त्यात गिटार होती. त्यात आमचे दोन्ही अ‍ॅम्प होते. तिने ते पुसले, वायरी सोडून सरळ केल्या, आणि ओल्या कुंकवाचं बोट एकेका वस्तूला लावत गेली. कुणालाही वगळायचं नाही म्हणून तिने पिनांनाही लावलं. माझ्या पिनेचं कोरं अंग वर आलेलं होतं. तिने त्यावर लाल टिकली लावली.

मी पोचलो तेव्हा पूजा उरकली होती, बेंजो पार्टीवाले भिंतीला टेकून चहा पीत होते. सारवण अजून ओलसर होतं, पायाला गार लागत होतं. सगळे अनवाणी, कारण पूजा मांडलेली. मी नमस्कार-चमत्कार करत होतो. आधी तुझा अ‍ॅम्प वाजवू, असं तोच मला म्हणाला. त्याने पिन उचलली, लाल टिकली पाहिली, ती वर ठेवून भिंतीत घातली, बटण दाबलं आणि गिटार गळ्यात घेतली.

मी तिकडे पाहत होतो. म्हणजे मला दिसत होतं. त्याने डाव्या हाताने गिटारची मान धरली, तारा बोटांखाली आल्या, आणि त्याचा चेहरा बदलला. तो ओरडला नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतो. त्याचे दात घट्ट मिटले, मान मागे गेली, आणि हात ती मान सोडेना. उलट जास्तच घट्ट धरू लागला. पार्टीतल्या कुणीतरी हसून म्हटलं, "अंगात आला का रे?" मग मासळी चुलीवर करपल्यावर येतो तसा वास आला.

अख्ख्या ओटीवर एकट्या मला माहीत होतं की काय चाललंय आणि काय करायला हवं. बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी हललो नाही. किती वेळ, सांगता येत नाही, दोन सेकंद असतील, पाच असतील, पण त्या वेळात मी त्याच्याकडे नुसता बघत उभा होतो. वायर उपटली ती मावशीने. विळी बाजूला सारून ती बाई धावली आणि दोन्ही हातांनी वायर धरून तिने अशी ओढली की पिन भिंतीतून उडून समोरच्या कुडावर आपटली. तो गिटारसकट खाली कोसळला.

त्याला पालघरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पायाला भाजलेलं पुढे बरं झालं, पण डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत तारा भाजत आतपर्यंत गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेल, बोटं वाकतील का ते सांगता येत नाही. ती वाकली नाहीत.

मी काय केलं? सगळे दवाखान्यात असताना मी परत कोळीवाड्यात गेलो, अ‍ॅम्प उचलला, बेटेगावला नेला आणि त्याचा तुकडा न् तुकडा सुटा केला. व्हॉल्व्ह फोडले. पत्रा दुमडून भंगारात टाकला. कुणी विचारलं तर म्हणायचं, आत कुठेतरी वायर टेकली असेल. हे मी इतकं शांतपणे केलं की आज माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

पण मला कुणी विचारलंच नाही. बेंजो पार्टीवाल्यांनी आपलं कारण शोधून ठेवलं होतं. करंटच्या वस्तूला ओलं कुंकू लावलं, कुंकवातून करंट उतरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात हेच चाललं होतं. मावशी बाकावर बसली होती, हाताला कुंकू तसंच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कारखान्यातला, विजेतला जाणता. तिने विचारलं, "असा होतो काय रं, पोरा? कुकवानं?"

मी म्हणालो, "होऊ शकतं, मावशी."

तिने आपलं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. मी तिला धरलं. धरून मी तिची समजूत काढली की तुम्ही मुद्दाम थोडंच केलं! हे माझ्या तोंडून कसं निघालं? कुणी दुसऱ्याने असं केल्याचं ऐकलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो.

तो पुढे कामावर परत आला. एका हाताची तीन बोटं चालतात तेवढ्यावर त्याने काम सांभाळलं. गिटार त्याने पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर टाकली. अ‍ॅम्पचा विषय आमच्यात निघालाच नाही. त्याने एकदाही विचारलं नाही की त्या अ‍ॅम्पमध्ये काय होतं, कुठे गेला. मला वाटलं, त्याला कळलेलं नाही. मला असं वाटणं सोयीचं होतं. रविवारी मी पूर्वीसारखा त्याच्या घरी जायचो आणि मावशी मला पूर्वीपेक्षा जास्त वाढायची. "याचा पन मशीन गेला माज्यामुला," ती शेजारणीला सांगायची. माझं नुकसान झालं म्हणून तिला वाईट वाटत होतं!

पुढच्या दसऱ्याला मावशीने एकाही यंत्राला कुंकू लावलं नाही. हळद नाही, फूल नाही. बोटीचं इंजिन तसंच राहिलं. नवऱ्याने समजावलं, बोटीवरचे खलाशी कुरकुरले. ती म्हणाली, "माजा हात वंगाल हाय. मी नाय लावायची." दुसऱ्या कुणी लावलेलंही तिला चालेना, लावायला कुणी पुढे आलं की ती मध्ये येऊन उभी राहायची. त्या मोसमात बोटीचं इंजिन समुद्रात दोनदा बंद पडलं. इंजिनं बंद पडतातच, त्यात काय. पण खलाशांना कारण मिळालं, आणि त्यातले दोघे दुसऱ्या बोटीवर गेले. गावात तिच्या घराबद्दल कुजबुज सुरू झाली. सणासमारंभाला बायका तिला बोलवायच्या, पण ओटी भरायला पुढे करायच्या नाहीत. मी हे बघत होतो. बघून घरी जायचो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघायला यायचो.

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला मी सकाळी गेलो. का त्याच दिवशी गेलो, मला सांगता येणार नाही. आदल्या रविवारी मी तिला मासळी निवडताना पाहिलं होतं. विळीला हात लावण्याआधी तिने आपले हात पदराला पुसले, एकदा, दोनदा, तीनदा, जसं काही हातालाच लागलेलं काहीतरी जात नाही. तेवढंच. त्यानंतर मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

ती चुलीपाशी होती. तो ओटीवर बसला होता. मी ओटीवर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर जळला ते, दुसरा नव्हता ते, पत्र्याला वीज होती ते, ठिपका कशासाठी होता ते. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. तुमच्या कुंकवाने करंट उतरला नाही, मावशी. करंट मीच घालून ठेवला होता. वायर मी उपटायला हवी होती, आणि मी उभा राहिलो. अ‍ॅम्प मोडून टाकला तोही मीच.

मावशी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "दवाखान्यात मी तुला इचारला, तवा तुला म्हायत होता?"

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली. मला वाटलं आता तो उठेल आणि मला मारेल, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो बसूनच राहिला. मग म्हणाला, "आदल्या दिशी तू गेल्यावर चादर नीट करायला मशीन उचलला ना मी, तवाच कलला. वजनच नव्हता त्याला. आत ट्रान्सफॉर्मर नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हनून. दुसऱ्या दिशी येशील नि सांगशील, मग आपन दोगं हसू, नि माजाच वाजवू. ठिपका कशाला ते पन कलला, लाल वर हाय तर काय होनार नाय वाटला. टेस्टर माज्या खिशात होता. सगली मानसा बसलेली, तू समोर हुबा. टेस्टर काढला असता तर सगल्यांच्या देखत तुजी लाज गेली असती. म्हनून नाय काढला."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. पाहवेना. "आणि नंतर? दोन वर्षं?"

"आयेला मी रोज सांगतो, तुज्यामुला नाय झाला. पन कोनामुला ते नाय सांगितला. ते तुज्या तोंडानं यायला पायजे होता. माज्या तोंडानं आला असता तर मग काय रायला असता? तरी लय दिवस लावलेस तू."

एवढ्यात आतून मावशीचा आवाज आला. रडका नाही, चढलेला नाही, रोजचा आवाज. ती पोराशी बोलत होती, माझ्याशी नाही.

"सनाचा दिस हाय. त्याला जेवाला बसव. उपाशी नको जाव दे," ती म्हणाली. "जेवून झाला का सांग त्याला, परत या घराची पायरी चढू नको म्हनावा."

त्याने आतून पाट आणून मांडला. तिने पान वाढून उंबऱ्यापाशी ठेवलं, भात, कालवण, तळलेली तुकडी, गोडाचं. तो समोर बसून राहिला. पानात टाकून उठायची माझी हिंमत नव्हती.

मी जेवलो.